बुडालेला रियाज भरून काढायचा नसतो

संसारात, नोकरीत, आजारपणात गाणं सुटलेली बाई पंधरा वर्षांनी तानपुरा घेऊन बसली, की घरचे-बाहेरचे ऐकवतात, ‘आता कुठला गळा? गेली ती विद्या!’ मला हे साफ नामंजूर आहे.

गळ्याला गंज चढतो, हे खरं. खर्जातला सा थरथरतो, दम पुरत नाही, तान दोन आवर्तनांत विस्कटते. पण यमनातला तीव्र मध्यम जरा उतरला, तर तिचा तिलाच तो खुपतो. विद्या गेली असती, तर हे खुपलं असतं का? गेली ती तयारी. कान जागेवर आहे, रागही मनात उभा आहे.

दुसरे हितचिंतक म्हणतात, ‘रोज चार तास बैस, बुडालेला रियाज भरून काढ.’ हा सल्ला मला जास्त घातक वाटतो. त्यापायी माणूस विशीतल्या आवाजाच्या मागे लागतो, गळा ताणतो, महिनाभरात बसवून घेतो आणि तानपुऱ्यावर पुन्हा गवसणी चढते.

कुमार गंधर्वांकडे बघा. लहान वयात अमाप कीर्ती मिळालेला हा गवई 1948 साली क्षयाने आजारी होऊन देवासला आला. काही वर्षं गाणं बंद. एक फुफ्फुस निकामी झालं. अंथरुणावर पडून ते माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. बरे होऊन गायला लागले ते उरलेल्या श्वासाला धरून: छोटे, उसळते स्वरसमूह आणि मध्ये बोलक्या विश्रांती. त्या लोकधुनांतून पुढे धुनउगम राग आले. जुनाच दमसास परत मागत बसले असते, तर हे गाणं झालंच नसतं.

‘ते कुमार होते, आपण कोण?’ असं कुणी म्हणेल. प्रतिभा त्यांची होती, कबूल. पण आहे त्या श्वासापासून सुरुवात करायला प्रतिभा लागत नाही. काळी चारमध्ये गाणारीने खुशाल काळी दोन लावावी. सकाळी वीस मिनिटं खर्ज, मग एकाच रागाचा संथ आलाप. तानांची घाई नको.

आणि गाण्याच्या वर्गांनीही अशा विद्यार्थिनीला प्रारंभिकच्या मुलांत बसवून सा रे ग म पासून घोकायला लावू नये. आधी तिला विचारावं, ‘कोणता राग आठवतोय?’ आणि तो गाऊ द्यावा.