मोठा मासा पाण्यातच राहू द्या

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे आपली सहानुभूती नेहमी लहान माशाकडे जाते. मासेमारीचे नियमही पुष्कळदा याच भावनेने केलेले असतात : लहान मासा सोडा, मोठा खुशाल न्या. वस्तुतः पाण्यातला हिशेब इतका सरळ नाही. दूरच्या एका सरोवराच्या कहाणीवरून तो आपल्यालाही शिकता येण्यासारखा आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात रेड लेक हे विस्तीर्ण पण उथळ सरोवर आहे. त्याचा बराचसा भाग ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशात येतो. वरच्या सरोवराचा पूर्वेकडील भाग तेवढा राज्याच्या हद्दीत आहे. हिवाळ्यात सारे पाणी गोठते. बर्फाचा थर चार इंच झाला की माणसे त्यावर चालतात आणि आणखी जाड झाला की मोटारीही नेतात. लाकडी खोपटी बर्फावर ओढत न्यायची, आत शेगडी पेटवायची, बर्फाला भोक पाडून गळ सोडायचा आणि वाट पाहायची, असा हा खेळ. मासा मुख्यतः वॉलाय. याचे डोळे अंधारात चमकतात. पूर्वी तो सापडणे नशिबावर असे. आज बर्फाखालून जाणारा मासा यंत्राच्या पडद्यावर दिसतो. नशीब माणसाच्या बाजूला गेले, माशाचे काय?

गळवाल्याला फोटोसाठी मोठा मासा हवा असतो, जाळेवाल्याला भावासाठी. जाळ्याच्या आसातून लहान निसटतो, मोठा अडकतो. पण मोठी मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते. लहान मादीला ते साधत नाही. म्हणजे मोठी मादी नेणे हे पिकातले पाणीदार दाणे खाऊन किडके बियाण्याला ठेवण्यासारखे आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात हे स्पष्ट दिसले. काही टाक्यांतून दर पिढीला मोठे मासे काढले, काहींतून लहान. चौथ्या पिढीत दुसऱ्या टाक्यांचे उत्पन्न पहिल्यांच्या जवळजवळ दुप्पट भरले. मोठे वेचून नेले की पुढची पिढीच खुजी होत जाते.

रेड लेकवर १९१७ पासून व्यापारी मासेमारी चालत होती. राखीव प्रदेशात जाळी, राज्याच्या बाजूला गळ. दोन्हीकडून उपसा झाला. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अंडी घालण्याच्या वयाचे वॉलाय जवळजवळ संपले. अशा वेळी सगळीकडे होते तेच येथेही होऊ शकले असते : गळवाल्याने जाळ्याकडे बोट दाखवावे, जाळेवाल्याने गळाकडे. पण ज्यांचे पोट या सरोवरावर होते त्या ओजिब्वे लोकांनी १९९७ साली आपली व्यापारी मासेमारी आपणहून थांबवली. १९९९ मध्ये राज्यानेही आपल्या बाजूला बंदी घातली. दोघांनी मिळून योजना आखली, कोट्यवधी पिल्ले सोडली आणि मुख्य म्हणजे त्यांना मोठे होऊ दिले. २००६ साली वॉलायची मासेमारी पुन्हा सुरू झाली.

कोणी म्हणेल, गरिबाच्या पोटावर पाय देऊन मासे वाचवायचे का? प्रश्न रास्त आहे. किंबहुना तो विचारलाच पाहिजे, कारण संयमाचा उपदेश बहुधा भरल्या पोटी केला जातो. परंतु रेड लेकचे उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे थांबणे एकट्या गरिबाच्या माथी मारले गेले नाही. हौसेने गळ टाकणाऱ्यालाही थांबावे लागले. त्याग वाटून घेतला म्हणूनच तो टिकला. एकाने उपाशी राहावे आणि दुसऱ्याने त्याच पाण्यात सहल करावी, अशी बंदी टिकत नाही. ती टिकू नये, असेही मी म्हणेन.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले आणि ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पाऊल स्वागतार्ह आहे. पिल्लू वाचले तरच ते मोठे होईल, हे खरेच. पण वाचलेले पिल्लू मोठे होताच उचलले, तर अंडी घालणार कोण? आणि हा नियम लहान होडीवाल्यावर जितक्या कडकपणे लागेल तितकाच मोठ्या ट्रॉलरवर लागेल काय? बंदीच्या काळात होडीवाल्याच्या घरची चूल कशी पेटेल, हे कोण पाहणार?

पाण्याची श्रीमंती किती मासे काढले यावरून मोजण्याची सवय आता सोडली पाहिजे. केवढे मासे पाण्यात उरले, हे पाहिले पाहिजे. म्हणीतला मोठा मासा लहानाला गिळत असेल, पण सरोवरातली मोठी मादी उद्याच्या सर्व लहानांची आई असते. तिला मारून लहानांवर दया दाखवण्यात काय अर्थ आहे?