‘सहाशे फूट’ म्हणजे कोणते?

दुकानाचा सौदा करताना आपल्या व्यापारी घरांत दराची घासाघीस मनसोक्त होते. मात्र ‘सहाशे फूट’ म्हणजे कोणते सहाशे, हे विचारावयाचे राहून जाते. कार्पेट एरिया म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारे आतील क्षेत्र. बिल्ट-अपमध्ये बाहेरील भिंतींची जाडी व बाल्कनीही मिळविली जाते. सुपर बिल्ट-अपमध्ये तर जिना, लिफ्ट, प्रवेशकक्ष यांचाही वाटा आपल्या खाती पडतो.

समजा, सुपर बिल्ट-अप ६०० फूट, दर १०,००० रुपये. किंमत ६० लाख. आत टेप लावल्यावर ४०० फूटच भरले, तर खरा दर १५,००० झाला!

२०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या बांधून दिली. आतील विभाजक भिंती त्यात धरल्या जातात; बाहेरील भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतःच्या वापराची बाल्कनी व उघडी गच्ची वगळली जाते. ही व्याख्या दुकान, शोरूम, गोडाऊन यांनाही लागू आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. (गंमत अशी की, एफएसआयला मराठीत ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ म्हणतात, पण त्यात मोजले जाते ते बांधीव क्षेत्र.)

याच कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तेवढीही देण्याआधी कराराचा मसुदा मागून घ्यावा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असल्यास १०.७६४ ने गुणावे, आणि बाल्कनीचा आकडा वेगळा लिहिला आहे की कार्पेटमध्येच मिसळला आहे, तेही पाहावे.