आधार आहे, मग पासपोर्ट कशाला?

वरठीत भंडारा रोड स्टेशनवरून गाडीत बसलो की टीसीला आधार दाखवून काम भागतं. मुंबई-गोवा क्रूझलाही फोटो आयडी पुरतं. पण क्रूझ श्रीलंकेला जाणार असेल तर पासपोर्ट हवाच.

आणि नेपाळ? १९५० च्या करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा नाही, म्हणून हॉस्टेलमध्ये सगळे बिनधास्त. पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. भूतानचंही तेच. कारण २०१६ चा आधार कायदाच सांगतो की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तुम्ही कोण ते आधार सांगतं, कुठल्या देशाचे ते नाही.

त्यात आपली गोची नावाची! दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, तिसरीकडे वडिलांचं नावच गायब. हे नेमकं घाईच्या वेळी लक्षात येतं.

म्हणून माझं मत असं, की अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाने मतदार कार्ड काढावंच. कॉलेजने फर्स्ट इयरलाच कागद तपासायचा एक दिवसाचा कॅम्प घ्यावा. आणि पासपोर्ट? तो दहा वर्षं चालतो. परदेशातून बोलावणं आल्यावर नागपूरला धावण्यापेक्षा येत्या सुट्टीतच अर्ज भरा की!