कान नव्हे, पत्रं बघा

व्हॅन गॉगचं नाव काढलं की कुणीतरी हमखास विचारतं, "तो कान कापणारा ना?" मीही तेच म्हणायचो. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत त्याची पत्रं वाचली आणि माझीच मला लाज वाटली.

व्हिन्सेंटची आठशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यातली सहाशेहून जास्त धाकटा भाऊ थिओला लिहिलेली. त्यांत वेडा माणूस शोधायला गेलो, तर भेटला एक कष्टाळू विद्यार्थी. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग उठून दिसतो, किती ट्यूब लागतील, कुठलं पुस्तक वाचलं, सगळं तो भावाला कळवतो. १८८५ मधलं 'बटाटे खाणारे' हे चित्र मला नुसतं काळपट वाटायचं. ज्या हातांनी ही माणसं जेवतात त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, असं तो पत्रात सांगतो. ते वाचलं आणि मग चित्रातले हात दिसले.

तरी पत्र म्हणजे काही शपथेवरची साक्ष नव्हे. थिओच्या पैशांवर व्हिन्सेंट जगत होता. अशा माणसाला लिहिताना कुणीही थोडं सावरूनच लिहिणार. शिवाय १८८६ ते १८८८ दोघे पॅरिसमध्ये एकत्र राहिले, त्यामुळे त्या काळातली पत्रं जवळजवळ नाहीतच. आणि नेमके तेव्हाच त्याचे रंग उजळले! ते चित्रांनाच विचारायला हवं. म्हणून माझं मत असं, की पत्र हातात असावं, पण डोळे चित्रावर असावेत.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. थिओने भावाची पत्रं जपली. व्हिन्सेंटने मात्र थिओची फारशी ठेवली नाहीत, जेमतेम चाळीसेक उरली. व्हिन्सेंट १८९० मध्ये गेला, सहा महिन्यांत थिओही. थिओची पत्नी योहाना हिने ती पत्रं सांभाळून १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. हे दोघं नसते, तर आपल्याकडे खरंच फक्त कान उरला असता.

माझा दादा दरमहा माझ्या फीचे आणि मेसचे पैसे पाठवतो. माझं उत्तर काय, तर मोबाईलवर एक अंगठा. परवा त्याला दोन पानं लिहिली. काय शिकतोय, काय जमत नाहीये, सगळं. मित्रांनो, तुम्हीही लिहून बघा.