दोर धरणारा

उन्हाळ्याची सुटी लागली, की मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळींचे पाय घरात ठरत नाहीत. चार-पाच मित्र एकत्र जमतात, एखादी जीप भाड्याने ठरवितात, दोरांची वेटोळी पिशव्यांत भरतात आणि पहाटेच्या काळोखातच सह्याद्रीची वाट धरतात. लोणावळा मागे पडते, गार वारा तोंडावर येऊ लागतो, कोरीगडाचा तट अंधुक उजेडात दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. सालतर खिंड ओलांडून पुढे गेले, की तैलबैलाच्या दोन प्रचंड भिंती समोर उभ्या राहतात. मध्ये खिंड आणि दोन्ही अंगांना तासल्यासारखा सरळ कातळ. त्या दर्शनाने गाडीतील गाणी थांबतात. थांबत नाही तो एकच वाद : पहिला कोण चढणार?

हा वाद मोठा मौजेचा असतो. एक म्हणतो, "मागच्या खेपेस तू पुढे होतास." दुसरा म्हणतो, "माझे बूट नवे आहेत." तिसरी म्हणते, "सर्वांत हलकी मी, तेव्हा पहिला मान माझा." परंतु "दोर मी धरतो" असे आपण होऊन म्हणणारा त्या गाडीत क्वचितच आढळतो. ज्याला कोणी काही विचारले नाही, त्याच्याच वाट्याला ते काम येते. कडा चढतो तो वीर आणि खाली उभा राहतो तो नुसता मदतनीस, अशी जी समजूत लोकांत रूढ आहे, तिचाच हा परिणाम होय. ही समजूत चुकीची आहे. दोर लावून कडा चढतात, तेव्हा एकटा कोणी चढत नसतो. दोराच्या दोन टोकांना दोन माणसे असतात आणि ती दोघे मिळून चढतात.

दोर धरणे म्हणजे काय, हे नीट पाहिले म्हणजे ही गोष्ट ध्यानात येईल. पुढे चढणारा आरोहक कमरेच्या पट्ट्याला दोर बांधतो. चढता चढता खडकात ठोकलेल्या मेखांना तो कड्या अडकवितो आणि त्या कड्यांतून आपला दोर ओवीत जातो. शेवटच्या कडीपासून तो दोन मीटर वर गेला आणि तेथे त्याचा पाय निसटला, तर तो दोन नव्हे, चार मीटर खाली येतो : दोन मीटर कडीपर्यंत आणि दोन मीटर तिच्याखाली. दोर ताणला जातो, थोडा ढिला असतो, त्याची भर निराळीच. मेख कितीही पक्की असली, तरी खालचा दोर कोणी धरलेला नसेल, तर तो कडीतून सरसर निघून जाईल. पडणाऱ्याला थोपवितो तो खालचा हात. दोर धरणाऱ्याच्या पट्ट्याला धातूचे एक लहानसे साधन असते आणि दोर त्यातून वाकवून घेतलेला असतो. त्याचे मोकळे टोक खाली ओढून धरले, की घर्षणाने दोर आवळतो आणि पडणारा अधांतरी थांबतो. या क्रियेला गिर्यारोहक 'बिले' म्हणतात. हे साधन नव्हते तेव्हा दोर कमरेभोवती किंवा खांद्यावरून घेऊन माणूस आपल्या अंगाचेच साधन करीत असे. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर वाखाच्या दोरांची जागा नायलॉनच्या दोरांनी घेतली. नायलॉन ताणला जात असल्याने पडणाऱ्यास बसणारा हिसका पुष्कळ सौम्य झाला. साधने अशी बदलत गेली, पण एक नियम बदलला नाही : मोकळ्या टोकावरचा हात दोरावरून क्षणभरही उठता कामा नये.

हा नियम वाचायला सोपा वाटतो. वैशाखात तो पाळून पाहावा! चढाई कधी अर्धा तास चालते, कधी दोन तास. तितका वेळ मान वर करून उभे राहावयाचे. घाम डोळ्यांत उतरतो, माशी नाकावर बसते, आणि ती उडवावयाची झाली तरी दुसऱ्या हातानेच. वरचा गडी चढण्यात रंगलेला असल्याने त्याला वेळेचे भान नसते. खालच्याला मात्र प्रत्येक मिनिट मोजून घ्यावे लागते. अलीकडे भ्रमणध्वनी खिशात असतोच; तो वाजला, की हात तिकडे जाऊ पाहतो. ज्याला हा मोह आवरत नाही, त्याच्या हाती दोर देऊ नये, मग तो कितीही जिवलग मित्र असो.

यावर कोणी म्हणेल, की दोराविना चढणारेही वीर जगात आहेत. आहेत खरे. अलेक्स हॉनोल्ड या अमेरिकन आरोहकाने 2017 सालच्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यातला एल कॅपिटन नावाचा सुमारे नऊशे मीटर उंचीचा कडा दोर न लावता चढून दाखविला. परंतु त्यापूर्वी त्याच वाटेचा सराव त्याने दोर लावून, सोबत्यांच्या साह्याने पुनःपुन्हा केला होता, ही गोष्ट सांगणारे सहसा गाळतात.

दोर धरण्याचे मोल डोंगराळ मुलखातील जाणत्या माणसांना ठाऊक आहे. 1953 साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात काराकोरमच्या के-टू शिखरावर एका अमेरिकन तुकडीतील सोबती आजारी पडला. शिखराचा नाद सोडून सारे जण त्याला खाली आणू लागले. बर्फाच्या तीव्र उतारावर एकाचा पाय घसरला, दोर एकमेकांत गुंतले आणि पाहता पाहता पाच जण खाली ओढले गेले. पीट शोनिंग नावाचा तरुण त्या वेळी आजारी सोबत्याचा दोर धरून उभा होता. आपली बर्फकुऱ्हाड त्याने एका मोठ्या दगडाआड रोवली होती आणि दोर तिच्याभोवती व स्वतःच्या अंगाभोवती घेतला होता. ते पाचही जण आणि तो आजारी सोबती, अशा सहा जणांचा भार त्याने एकट्याने पेलला. आजारी सोबती पुढे वाचला नाही. बाकीचे सारे जिवंत परतले. ती तुकडी शिखरावर पोहोचली नाही, तरीही गिर्यारोहणाच्या इतिहासात तिचे स्थान अढळ आहे.

के-टूची गोष्ट दूरची झाली. तैलबैलाच्या पायथ्याशी धोके निराळे आहेत, पण लहान नाहीत. हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. सह्याद्रीच्या कड्यांत एक थर लोखंडासारखा, तर दुसरा हाताने सुटावा असा ठिसूळ लागतो. वरून "दगड!" अशी आरोळी आली, की खालच्याने कड्याला चिकटून उभे राहावयाचे, डोके वर करावयाचे नाही आणि दोरही सोडावयाचा नाही. दिवस वर आला, की कातळ तव्यासारखा तापतो. त्याच कपारींना आग्या माश्यांची पोळी लोंबत असतात. धूर, उग्र वासाची अत्तरे, आरडाओरडा यांनी त्या खवळतात, आणि दोराला लोंबकळणाऱ्या माणसाला पळून जाण्यास वाट नसते. "पोरांनो, बिडी-काडी काही पेटवू नका आणि ऊन तापायच्या आत खाली या," असे गावातले मामा सांगतात ते उगीच नव्हे.

हे सारे कोणाला दिसते? चढणाऱ्याला नव्हे. त्याची दृष्टी पुढच्या खोबणीवर खिळलेली असते, आणि तेच योग्यही असते. ऊन कोठवर आले, मोहोळावर हालचाल दिसते का, गड्याचे पाय थरथरू लागले का, हे खालूनच दिसते. म्हणून दोर धरणाऱ्याने "खाली ये" म्हटले, की चढणाऱ्याने वाद न घालता उतरावे, असा दंडक प्रत्येक तुकडीने घालून घेतला पाहिजे. पुष्कळांना हे मान्य होत नाही. जो चढतच नाही, त्याने माघारीचा हुकूम का द्यावा, असे त्यांचे म्हणणे. पण त्याच्या हाती जर दुसऱ्याचा प्राण सोपविता येतो, तर त्याचा शब्द न ऐकण्याचे कारण काय?

अशाच एका सहलीत माथा सात-आठ मीटर उरला असता खालून हाक आली, "उतर." दोर एका मुलीच्या हाती होता. ऊन भिंतीवर आले होते आणि डाव्या अंगाच्या मोहोळावर तिला हालचाल दिसली होती. वरचा मित्र संतापला, पण उतरला. माश्या काही उठल्या नाहीत. तासाभराने मोहोळ पूर्ववत निवांत दिसू लागले, तेव्हा तर त्याचा राग दुणावला. "उगाच उतरविलेस," तो म्हणाला. तिच्यापाशी उत्तर नव्हते. पडणाऱ्याला धरले, तर चार लोक ते पाहतात. वेळीच उतरविले, तर संकट टळले की मुळात येणारच नव्हते, हे कोणालाही सिद्ध करून दाखविता येत नाही. सावध माणसाच्या वाट्याला शाबासकी येत नाही, ती यामुळेच.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये गाणी झाली नाहीत. लोणावळ्यास चहासाठी गाडी थांबली. त्या मुलाने पिशवीतून दोर काढला, मांडीवर घेतला आणि कोठे खरचटला, झिजला आहे का, हे हातहातभर तपासू लागला. थोड्या वेळाने त्याने दुसरे टोक न बोलता तिच्यापुढे केले. तिने चहाचा पेला खाली ठेवला आणि आपल्या बाजूने दोर पाहावयास आरंभ केला.