१८१७ची दिवाळी आणि एल्फिन्स्टन

१८१७ साली पुण्यात दिवाळीचे दिवे कुणी, कोणत्या मनाने लावले असतील? लक्ष्मीपूजन तीन-चार दिवसांवर असताना, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. पेशव्यांच्या लोकांनी संगमावरची रेसिडेन्सी जाळली. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही तीत खाक झाला. भाऊबीज होऊन आठवडाभरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

हा स्कॉटिश गृहस्थ १७९६मध्ये, मिसरूड फुटण्याच्या वयात, कंपनीच्या चाकरीत आला. असईच्या रणात सेनापती वेलस्लीसोबत होता. पुढे नागपूर, पेशावरात शाह शुजाचा दरबार आणि १८११पासून पुणे. राज्य बुडवून झाल्यावर तेच राज्य समजून घ्यायला तो बसला. जुनी घडी शक्यतो मोडू नये हा त्याचा आग्रह. वरचे सरकार नाहीसे झाले तरी गाव आपले आपण निभावून नेईल, असे त्याने १८१९च्या अहवालात लिहिले. ब्राह्मणांना वाटायच्या दक्षिणेच्या पैशातून १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. आणि ह्याच माणसाने पुण्यात कट करणाऱ्यांच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले! त्याबद्दल कायद्याचे संरक्षण मागून घ्या, हा मुंबईच्या गव्हर्नरचा सल्लाही झिडकारला. त्याच्या उदारपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये.

१८१९ ते १८२७ तो स्वतः मुंबईचा गव्हर्नर होता. मराठीतली सुरुवातीची बरीच शालेय पुस्तके ह्याच काळात छापली गेली. दिवाळी अंक काढणाऱ्यांना तेवढे ऋण नाकारता येणार नाही. त्याच्या तंबूत अशा छापील पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्ज या सहकारी अधिकाऱ्याने विचारले, हे कशासाठी? एतद्देशीयांना शिकवायला, तो म्हणाला, पण हाच आपला युरोपला परतण्याचा रस्ता. मग हे सुरू तरी का करायचे? तर ते आपले कर्तव्यच आहे.

तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावे प्राध्यापकांसाठी निधी जमवला. त्यातून उभे राहिले ते एल्फिन्स्टन कॉलेज. (मुंबईतल्या रेल्वे स्टेशनाला एल्फिन्स्टन हे नाव होते ते त्याच्या पुतण्याचे, ही गल्लत मुंबईकर हमखास करतात.) पुढे गव्हर्नर जनरलचे पद चालून आले, तेही त्याने नाकारले आणि इंग्लंडात बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. इकडे त्याच्या नावाच्या संस्थेत शिकलेले दादाभाई नौरोजी इंग्रजांनी इथून किती संपत्ती नेली, याचे आकडे मांडायला बसले.