अंदाज वेधशाळेचा, जोखीम बागायतदाराची

हवामानाचा अंदाज ही एक प्रकारची माहिती आहे, आणि माहितीचे आर्थिक मोल केवळ तिच्या अचूकतेवर ठरत नसते. ती हाती आल्यावर माणसाला काही करता येते की नाही, यावरही ते अवलंबून असते. कोकणातील वसंताच्या संदर्भात या साध्या तत्त्वाचा आपल्याला विसर पडला आहे.

मार्च-एप्रिलमध्ये कोकणासाठी वारंवार ऐकू येणारा अंदाज साधारण एकाच साच्याचा असतो : पुढील काही दिवस उष्ण व दमट हवा, त्यानंतर मेघगर्जनेसह वादळी पाऊस. या दोन अवस्थांचा परस्परांशी संबंध आहे. पूर्वेकडून येणारे कोरडे, तापलेले वारे जोर धरतात तेव्हा समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो आणि किनारपट्टीचा पारा चढतो. किनारी भागात कमाल तापमान ३७ अंशांवर पोहोचून सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक भरले, की हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करते. २०२३ साली तर असा इशारा कोकणाला फेब्रुवारीतच मिळाला होता. पुढे विदर्भापासून कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत कमी दाबाची द्रोणी तयार होते, दोन्ही समुद्रांवरचे बाष्प तिकडे ओढले जाते, आणि सह्याद्रीवर दुपारी उभे राहिलेले ढग सायंकाळी पश्चिमेला उतरतात. वळीव म्हणतात तो हाच.

चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे किनारा आणि घाट यांच्या मधल्या पट्ट्यात येते. समुद्रवाऱ्याचा गारवा येथे उशिरा पोहोचतो आणि घाटावरचा ढग मात्र वाटेतच गाठतो. येथील शेतकऱ्याच्या वर्षाची सारी गोळाबेरीज याच आठवड्यांत होते. आंबा झाडावर असतो, काजूची बी झाडाखाली पडत असते, भातरोपांच्या भाजावळीसाठी कवळ आणि पालापाचोळा पसरलेला असतो, घरोघरी आमसुले आणि आंबापोळी वाळत असतात. कडक ऊन या वाळवणाला हवे असते, तर तेच ऊन हापूसच्या फळाला भाजून काढते आणि त्यात साका धरण्यास हातभार लावते. पावसाने काजू बी काळी पडते. वादळी वाऱ्याने फळ गळते, आणि जे झाडावर टिकते त्याला करप्याची व फळमाशीची बाधा होण्याचा धोका वाढतो.

अशा वेळी 'तीन दिवसांनी वादळी पाऊस' हे वाक्य बागायतदाराच्या कानी पडते. त्याने करावे काय? फळ उतरवले तर ते कोवळे निघण्याची भीती. कोवळा हापूस अढीत नीट पिकत नाही, सुरकुततो. थांबले तर वर्षाचे उत्पन्न एका संध्याकाळी जमिनीवर येण्याची भीती. त्यातही इशारा सामान्यतः जिल्ह्यासाठी असतो, आणि रत्नागिरीसारख्या लांबट जिल्ह्यात वळीव एका गावाला झोडपतो व शेजारच्याला कोरडे ठेवतो. म्हणजे व्यक्तीपुरता विचार केला तरी हा निर्णय जुगाराच्या जवळ जाणारा आहे.

परंतु खरी अडचण याच्या पुढची आहे. अंदाज एकट्या बागायतदाराला मिळत नाही. तो सर्वांना एकाच वेळी मिळतो. मग सर्वांनाच एकाच दिवशी झेला चालवणारे गडी हवे असतात, सर्वांनाच पेट्या आणि टेम्पो हवे असतात, आणि सर्वांचाच माल एकाच पहाटे वाशीच्या बाजारात उतरतो. मजुरी चढते, भाव पडतो. जे एकाच्या दृष्टीने शहाणपणाचे, तेच सर्वांनी एकदम केल्यास सर्वांच्या तोट्याचे ठरते. अचूक अंदाजाने नुकसान टळतेच असे नाही. पुष्कळदा ते झाडावरून बाजारात स्थलांतरित होते इतकेच. वादळात गळालेले फळ कॅनिंगला मिळेल त्या दराने जाते, आणि वादळाच्या धास्तीने उतरवलेल्या फळाची गतही फारशी वेगळी होत नाही.

यावर उपाय म्हणून हवामानावर आधारित फळपीक विमा दाखवला जातो. त्याची कल्पना तर्कशुद्ध आहे. शेतात पाहणी न करता महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून भरपाई ठरते, त्यामुळे विलंब आणि मर्जी या दोहोंना वाव कमी राहतो. परंतु केंद्रावर पाऊस न पडता बागेत पडला, तर कागदोपत्री नुकसान झालेलेच नसते. दुसरा प्रश्न कालावधीचा. आजवरच्या हंगामांत कोकणच्या आंब्याचे विमा-संरक्षण मेच्या मध्यास संपत आले आहे. २०२५ साली काय झाले ते आठवावे. एरवी १ जूनच्या सुमारास केरळात येणारा मोसमी पाऊस २४ मे रोजीच तेथे पोहोचला, दुसऱ्या दिवशी तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत. त्याच २४ तारखेला रत्नागिरी-दापोली किनाऱ्यावर कमी दाबाचा तीव्र पट्टाही येऊन धडकला. उशिरा मोहर आलेल्या बागांतील फळ तेव्हा झाडावर होते. विम्याची मुदत मात्र उलटून गेली होती. निसर्गाचे पंचांग सरकत असताना योजनेचे पंचांग स्थिर ठेवणे हे विम्याच्या मूळ हेतूशीच विसंगत आहे.

तेव्हा करावयाचे काय? इशारा मंडळपातळीवर आणि शक्यतेच्या प्रमाणासह दिला जावा, व त्यासोबत पीकनिहाय सल्लाही असावा. दापोलीच्या कृषि विद्यापीठातून असा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. पण तो गावापर्यंत नेणारी जिल्हा कृषिहवामान केंद्रे देशभर उभारल्यावर २०२४ साली ती गुंडाळण्याचा निर्णय झाला, ही काटकसर महागाची होती. विम्याची मुदत फळाच्या हंगामाशी जोडावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घाईने उतरवलेला माल चार दिवस थोपवून धरील अशी शीतगृहे आणि हंगामापूर्वीच जाहीर झालेला कॅनिंगचा किमान दर यांची सोय तालुक्यातालुक्यांत हवी. हे एकट्या बागायतदाराच्या आवाक्यातले नाही. सहकारी संस्थांचे आणि शासनाचे ते काम आहे.

वेधशाळेने आपले काम गेल्या काही वर्षांत निश्चितच सुधारले आहे. परंतु वादळ येणार हे तीन दिवस आधी कळूनही ज्याला काही करता येत नाही, त्याच्या पदरी त्या ज्ञानाने तीन दिवसांची चिंता तेवढी पडते. अंदाजावर खर्च करणाऱ्या शासनाने त्या तीन दिवसांचा उपयोग करण्याची साधने पुरवली नाहीत, तर पहिला खर्चही वाया गेला असे म्हणावे लागेल.